संगणकावरील नोंदींची फाईल कोणत्या प्रकारची घ्यावी?

शेतीच्या नोंदी आता केवळ वहीत राहिलेल्या नाहीत. दूध संस्थेचे रोजचे संकलन, शेतकरी उत्पादक कंपनीची सभासद यादी, माती परीक्षणाचे निष्कर्ष, स्वयंचलित हवामान केंद्रावरील पर्जन्यमान, बाजार समितीतील आवक व भाव, या सर्व नोंदी संगणकातील कोणत्या ना कोणत्या प्रणालीत साठविल्या जातात. त्यांची बेरीज घ्यावयाची असेल, दोन याद्या ताडून पाहावयाच्या असतील किंवा बँकेस रकमा कळवावयाच्या असतील, तर त्या नोंदी मूळ प्रणालीतून बाहेर काढून एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क अथवा गूगल शीट्स यांसारख्या हिशेबाच्या तक्त्यात आणाव्या लागतात. या क्रियेस 'एक्स्पोर्ट' असे म्हणतात.

एक्स्पोर्टचे बटण दाबले की संगणक एक प्रश्न विचारतो: फाईल कोणत्या प्रकारची हवी? सीएसव्ही, एक्सएलएसएक्स, एक्सएलएस, ओडीएस की पीडीएफ? पुष्कळ ठिकाणी यादीत जे नाव प्रथम दिसेल ते निवडून काम पुढे नेले जाते. ही निवड किरकोळ वाटली तरी शेतकऱ्याचे नाव, त्याचा गट क्रमांक आणि त्याचे बँक खाते जसेच्या तसे पुढे पोहोचणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असते. खाते क्रमांकातील एक अंक बदलला तर अनुदानाची रक्कम अडकून पडते. हिस्सा क्रमांक बदलला तर यादीतील जमीन ओळखू येत नाही. चूक संगणकाने केली असली तरी कार्यालयाचे हेलपाटे मात्र शेतकऱ्यालाच घालावे लागतात. म्हणून संस्थांचे सचिव, गटप्रमुख आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांनी हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

सात-बाराची तारीख कशी होते?

कोणत्याही संगणकावर एक्सेल उघडून एका घरात ७/१२ असे लिहावे. लिहून होताच त्या घरात एक तारीख उमटते. आपल्याकडील दिनांकपद्धती ठरविलेली असेल तर ७ डिसेंबर, अमेरिकन पद्धती असेल तर १२ जुलै. तक्त्याला गाव नमुना सात व बारा ठाऊक नाहीत. तिरकी रेघ मध्ये असलेले दोन लहान आकडे दिसले की ती तारीख असावी, असा त्याचा समज होतो.

हीच गोष्ट सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर यांच्या बाबतीत घडते, आणि तेथे ती हसण्यावारी नेण्याजोगी राहत नाही. १२/३ या हिस्स्याचे '१२ मार्च' होते. १२/३/१ या पोटहिस्स्याचे १२ मार्च २००१ होते. १४५/२ हा क्रमांक मात्र जसाच्या तसा राहतो, कारण १४५ तारखेचा कोणताही महिना नाही. अशा रीतीने एकाच रकान्यातील काही क्रमांक बदलतात व काही शाबूत राहतात. यादी वरवर चाळणाऱ्यास वरच्या चार ओळी बरोबर दिसल्या तर खालच्या बिघडलेल्या ओळींचा संशयही येत नाही.

बदल झाल्यावर तो मागे घेणेही सोपे नसते. तक्ता तारीख साठवितो ती दिवसांच्या क्रमांकाच्या रूपाने. १ जानेवारी १९०० या दिवसास १ मानून पुढील दिवस मोजलेले असतात. १२/३ ही नोंद २०२४ साली तारीख बनली असेल, तर आत साठलेला आकडा ४५३६३ असतो. मागाहून त्या रकान्यास 'मजकूर' ठरविले तर १२/३ परत येत नाही, ४५३६३ हा आकडा दिसू लागतो. शेतकऱ्याचा हिस्सा नंबर त्यातून कोणास ओळखू यावा?

ही अडचण केवळ आपल्या गावपातळीवरील नव्हे. मानवी जनुकांपैकी काहींची लघुनावे 'मार्च १' आणि 'सेप्ट १' अशी वाचली जात, आणि तक्ता त्यांच्या तारखा करून टाकीत असे. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली ती नावेच बदलली. शास्त्रज्ञांना जनुकांची नावे बदलता आली. शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा क्रमांक बदलता येत नाही. त्याने फाईलच सांभाळून घेतली पाहिजे.

मोजावयाचा आकडा आणि ओळखीचा आकडा

शेतीच्या नोंदींत दोन प्रकारचे आकडे असतात. दुधाचे लिटर, कापसाचे क्विंटल, पावसाचे मिलिमीटर, रुपये व हेक्टर हे मोजावयाचे आकडे होत. त्यांची बेरीज-वजाबाकी करता येते. सभासद क्रमांक, बँक खाते, आधार क्रमांक, जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक आणि गट क्रमांक हे ओळखीचे आकडे होत. दोन सभासदांच्या खाते क्रमांकांची बेरीज करण्याची वेळ कोणावरही येत नाही. हे आकडे दिसण्यापुरते आकडे असून वास्तविक ती नावेच आहेत. तक्ता मात्र दोन्हींना सारखेच लेखतो आणि सर्व बिघाड तेथून सुरू होतो. हा बिघाड मुख्यतः तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार म्हणजे आरंभीची शून्ये गळणे. सभासद क्रमांक ००४५ असेल तर तक्त्यात ४५ एवढेच उरते. कित्येक बँकांचे खाते क्रमांक शून्याने सुरू होतात. ती शून्ये गळाली की खाते क्रमांकाची लांबी कमी पडते आणि बँकेची प्रणाली तो नाकारते.

दुसरा प्रकार लांब क्रमांकांचा. एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त १५ अंक अचूक साठविते. १६ अंकी खाते क्रमांक १२३४५६७८९०१२३४५६ असा असेल, तर तो १२३४५६७८९०१२३४५० असा होतो. शेवटचा ६ जाऊन तेथे ० येते, आणि हे घडत असताना कोणताही इशारा मिळत नाही.

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. गाई-म्हशींच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक १२ अंकी असतो आणि आधार क्रमांकही १२ अंकीच आहे. एवढी लांब संख्या तक्ता सामान्यतः आखडून १.२३४५७ई+११ अशी दाखवितो. आत सर्व अंक सुरक्षित असतात, परंतु ती फाईल त्याच अवस्थेत पुन्हा सीएसव्ही म्हणून साठविली तर जे दिसते तेच लिहिले जाते व मागचे अंक कायमचे नाहीसे होतात. एका गोठ्यातील जनावरांना एकाच गठ्ठ्यातील बिल्ले लावलेले असतील तर त्यांचे पुढचे अंक सारखेच असतात. अशा वेळी दहा गाईंना एकच क्रमांक मिळून बसतो, आणि लसीकरण कोणत्या गाईचे झाले व कोणत्या गाईचे राहिले हे सांगता येत नाही.

तारखांतील गोंधळ

खऱ्या तारखांनाही धोका असतोच. पेरणीची तारीख ०७/०६/२०२५ अशी लिहिलेली आहे. आपल्या दृष्टीने ही ७ जून, म्हणजे मृगाच्या आरंभीची पेरणी. ज्या संगणकात अमेरिकन पद्धती ठरविलेली आहे, तो ही तारीख ६ जुलै अशी वाचतो. पुढच्या ओळीत १३/०६/२०२५ असेल तर तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख न होता नुसता मजकूर म्हणून राहते. परिणामी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलटतात आणि उरलेल्या तारखा हिशेबात धरल्याच जात नाहीत. खरिपात एका महिन्याचा फरक म्हणजे वेळेवरची पेरणी आणि उशिराची पेरणी यांतील फरक होय. त्यावरून काढलेला कोणताही निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाही.

यावर उपाय सोपा आहे. फाईलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०२५-०६-०७ अशी लिहावी. हा क्रम आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेला असून त्यात दिवस व महिना यांची अदलाबदल होण्यास वाव राहत नाही. ज्या प्रणालीतून एक्स्पोर्ट करावयाचा तेथे तारखेची पद्धत निवडण्याची सोय असल्यास हीच निवडावी.

मराठी अक्षरांचे काय?

मराठी नावे व गावे फाईलमध्ये नीट उतरावयाची असतील तर ती युनिकोडमध्ये लिहिलेली असली पाहिजेत आणि फाईल 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठविलेली असली पाहिजे. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्वतंत्र स्थान आहे.

जुन्या काळी अनेक कार्यालयांत श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फॉन्ट वापरून याद्या टंकलिखित झाल्या. त्या पडद्यावर मराठी दिसत असल्या तरी आत साठलेली अक्षरे रोमन लिपीचीच असतात. त्यांना केवळ देवनागरीचा पोशाख चढविलेला असतो. अशी यादी एक्स्पोर्ट करून दुसऱ्या संगणकावर उघडली की पोशाख उतरतो आणि निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. अशा याद्या प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून, नावे एकदा डोळ्यांखालून घालून मगच पुढे पाठवाव्यात.

युनिकोडमधील सीएसव्ही फाईलवर दोन वेळा टिचकी मारून ती थेट एक्सेलमध्ये उघडली असता कित्येकदा मराठीच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसते. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. फाईल शाबूत असते, वाचणाऱ्याने पद्धत चुकीची धरलेली असते. ती फाईल काहीही न साठविता बंद करावी आणि पुढे सांगितलेल्या रीतीने पुन्हा उघडावी. परंतु मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर प्रकरण निराळे आहे. एक्सेलमधून फाईल साध्या 'सीएसव्ही' प्रकारात साठविली की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली जातात, आणि ती अक्षरे त्या फाईलमधून परत मिळत नाहीत. अलीकडील आवृत्त्यांत 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा स्वतंत्र पर्याय दिलेला आहे. मराठी नोंदींसाठी तोच वापरावा.

आकड्यांसंबंधी एक सूचना येथेच करणे योग्य होईल. ज्या रकान्यांची बेरीज घ्यावयाची आहे त्यांतील आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावेत. देवनागरी अंकांत लिहिलेली रक्कम प्रत्येक प्रणाली संख्या म्हणून ओळखेल, असा भरवसा धरता येत नाही.

निरनिराळ्या प्रकारांचे गुणदोष

सीएसव्ही: हा सर्वांत साधा प्रकार होय. यात एका ओळीत एक नोंद असते आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम असतो. यात रंग नाहीत, सूत्रे नाहीत, आणि कोणता रकाना संख्येचा व कोणता मजकुराचा हेही लिहिलेले नसते. फाईल लहान राहते, जवळजवळ प्रत्येक प्रणालीला वाचता येते आणि पुष्कळ वर्षांनंतरही उघडता येते. तिचा साधेपणा हाच तिचा गुण आणि तोच तिचा दोष. ००४५ हे चार अंक सीएसव्हीमध्ये पूर्णपणे सुरक्षित असतात. ती उघडणारा तक्ता अंदाज बांधतो आणि तेथे शून्ये गळतात. रकमेतील स्वल्पविरामांचीही काळजी घ्यावी लागते. १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांत न घालता लिहिली तर एका रकान्याचे तीन रकाने होतात व पुढची सर्व माहिती दोन घरे सरकते. 'वडगाव, पोस्ट अमुक' अशा पत्त्याचेही तेच होते. असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत असावा हा सीएसव्हीचा नियम असून २००५ सालच्या 'आरएफसी ४१८०' या टिपणात तो नमूद आहे. रकमा मात्र स्वल्पविरामांवाचून, १२५००० अशाच लिहाव्यात हे उत्तम.

एक्सएलएसएक्स: एक्सेल २००७ पासून प्रचारात आलेला हा प्रकार आहे. यात प्रत्येक घराबरोबर ते संख्या आहे की मजकूर, याची नोंद असते. खाते क्रमांक मजकूर म्हणून लिहिला गेला असेल तर दोन वेळा टिचकी मारून उघडणाऱ्यालाही तो जसाच्या तसा दिसतो. मराठी अक्षरेही बिघडत नाहीत. मात्र एक्स्पोर्ट करणाऱ्या प्रणालीनेच खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिला असेल, तर एक्सएलएसएक्सही तो वाचवू शकत नाही. पोत्यात भरतानाच बियाण्यात भेसळ झाली तर पोते कितीही मजबूत असून उपयोग नाही, तशातला हा प्रकार.

ओडीएस: लिबरऑफिसचा हा मूळ प्रकार असून २००६ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे. गुणांनी तो एक्सएलएसएक्ससारखाच आहे. ज्या संस्था विनामूल्य लिबरऑफिस वापरतात त्यांना तो सोईचा पडतो. एक्सेलमध्येही तो उघडतो.

एक्सएलएस: हा एक्सेलचा २००३ पर्यंतचा जुना प्रकार होय. यात केवळ ६५,५३६ ओळी मावतात. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. हा फरक शेतीच्या नोंदींत फार लवकर जाणवतो. दर १० मिनिटांस नोंद घेणारे हवामान केंद्र दिवसाला १४४ व वर्षाला ५२,५६० नोंदी करते. म्हणजे एका केंद्राच्या सुमारे १५ महिन्यांच्या नोंदींतच एक्सएलएसचे पान भरून जाते. पुढचा पाऊस त्या पानावर येतच नाही. याच मर्यादेचा फटका इंग्लंडमध्ये कोविडच्या साथीत बसला. प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाईली तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेत जुन्या एक्सएलएस प्रकारात भरल्या जात. ओळी संपल्यामुळे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधित रुग्णांच्या नोंदी अहवालातून गळाल्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध घेण्यास उशीर झाला. आज नवीन कामासाठी एक्सएलएस निवडण्याचे कारण उरलेले नाही.

कित्येकदा संकेतस्थळावरून एक्सएलएस नावाने उतरविलेली फाईल प्रत्यक्षात वेबपानावरील तक्ता असते. केवळ नाव तसे दिलेले असते. अशी फाईल उघडताना, नाव व प्रकार जुळत नाहीत, असा इशारा एक्सेल देते. तिच्यात खाते क्रमांकांचे रक्षण होईलच असे नाही. त्याच संकेतस्थळावर सीएसव्ही मिळत असल्यास ती घ्यावी.

पीडीएफ: छापून फलकावर लावण्यासाठी पीडीएफ उत्तम. परंतु तिच्यात रकाने नसतात, केवळ रकान्यांचे चित्र असते. तिच्यातून आकडे पुन्हा तक्त्यात आणताना ओळी तुटतात, रकाने मिसळतात आणि बहुधा सर्व यादी पुन्हा टंकलिखित करावी लागते. ज्या यादीवर पुढे हिशेब करावयाचा आहे ती पीडीएफमध्ये कधीही मागू नये व देऊ नये.

कोणास कोणती फाईल द्यावी?

फाईल घेणारा तिचे काय करणार आहे, हे प्रथम विचारावे. त्याच्या उत्तरावर निवड ठरते.

१. फाईल एखादी व्यक्ती उघडून वाचणार असेल, तर एक्सएलएसएक्स अथवा ओडीएस द्यावी. ओळखीच्या आकड्यांचे सर्व रकाने मजकूर म्हणून आहेत, याची आधी खात्री करावी.

२. फाईल दुसऱ्या प्रणालीत चढवावयाची असेल, तर सीएसव्ही यूटीएफ-८ द्यावी. ती मूळ प्रणालीतून निघाली तशीच पाठवावी. मध्ये एकदा तक्त्यात उघडून पाहण्याचा व साठविण्याचा मोह टाळावा, कारण बहुतेक बिघाड याच वेळी होतात.

३. नोंदी वर्षानुवर्षे जपून ठेवावयाच्या असतील, तर सीएसव्ही यूटीएफ-८ची एक प्रत ठेवावी. तिच्यासोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ व परिमाण सांगणारे एक पानाचे टिपण असावे. हेक्टर की एकर, लिटर की किलो, हे दहा वर्षांनंतर कोणाच्या स्मरणात राहत नाही.

४. केवळ वाचून दाखविण्यासाठी किंवा फलकासाठी पीडीएफ द्यावी.

कोणताही प्रकार निवडला तरी फाईलमध्ये रकान्यांच्या शीर्षकांची एकच ओळ असावी. मधल्या बेरजा व जोडलेली घरे टाळावीत. पाऊस पडला नाही तेथे ० लिहावे आणि नोंदच झाली नाही तेथे घर रिकामे सोडावे. कोरडा दिवस आणि बंद पडलेले पर्जन्यमापक हे एकच नव्हेत. तसेच ज्या कामासाठी यादी पाठवावयाची त्यास लागणारे रकानेच तीत ठेवावेत. भावाच्या अहवालात सभासदांचे आधार क्रमांक जाण्याचे काही कारण नाही.

सीएसव्ही उघडण्याची योग्य रीत

सीएसव्हीवर दोन वेळा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडू नये. एक्सेलमध्ये कोरा तक्ता उघडून 'डेटा' या विभागातील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' हा पर्याय घ्यावा. अक्षरपद्धती यूटीएफ-८ निवडावी. नंतर 'ट्रान्सफॉर्म डेटा' येथे जाऊन सभासद क्रमांक, खाते, आधार, बिल्ला व गट क्रमांक हे रकाने 'टेक्स्ट' ठरवावेत. तेथे रकान्याचा आधीचा प्रकार बदलावयाचा का, असे विचारल्यास बदलण्यास संमती द्यावी. लिबरऑफिसमध्ये सीएसव्ही उघडतानाच एक पाटी समोर येते. तिच्यावर अक्षरपद्धती निवडून त्या त्या रकान्यावर टिचकी मारून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करता येतो. गूगल शीट्समध्ये 'इम्पोर्ट' करताना मजकुराचे आकडे व तारखा करण्याच्या पर्यायावरील खूण काढून टाकावी.

आरंभीची शून्ये काढणे व लांब क्रमांक आखडणे या सवयी बंद करण्याची सोय एक्सेलच्या नवीन आवृत्त्यांत २०२३ पासून आली आहे. ती अवश्य वापरावी. तथापि हिस्सा नंबराची तारीख होऊ नये यासाठी तिच्यावर विसंबून राहू नये. रकाना मजकूर ठरविणे हाच खात्रीचा उपाय होय.

ताळा घेतल्याशिवाय फाईल पुढे पाठवू नये

हिशेबाच्या वहीत ताळा घेतल्याशिवाय पान उलटू नये, असा जुन्या सचिवांचा रिवाज होता. तोच येथेही पाळावा. मूळ प्रणालीत जितक्या नोंदी आहेत तितक्याच ओळी फाईलमध्ये आहेत का, हे मोजावे. रकमेच्या अथवा लिटरच्या रकान्याची बेरीज दोन्हीकडे जुळवावी. खाते क्रमांकाच्या रकान्यात सर्वांत लांब व सर्वांत आखूड क्रमांक शोधून तो मूळ नोंदीशी ताडावा. गट क्रमांकाच्या रकान्यात एखाद्या महिन्याचे नाव दिसते का, ते पाहावे. शेवटी यादीच्या आरंभीची, मधली व अखेरची मिळून पाच नावे निवडून ती पासबुक व सात-बारा उतारा यांच्याशी प्रत्यक्ष ताडून घ्यावीत.

एवढ्या तपासणीस अर्धा तास पुरतो. तीत चूक सापडली तर सुधारण्यासाठी मूळ फाईल हाताशी असते. यादी बँकेत जाऊन रकमा परत आल्यानंतर तीच चूक शोधावयाची म्हटले तर प्रत्येक सभासदाला पासबुक घेऊन संस्थेच्या दारात उभे राहावे लागते. म्हणून मूळ एक्स्पोर्टची फाईल नावात तारीख घालून वेगळी ठेवावी, तिच्यात कोणताही बदल करू नये, आणि सर्व काम तिच्या प्रतीवर करावे.